पाव किलो खसखस

तिरोड्याच्या आमच्या बाजूला विमानात बसून आलेला पहिला माणूस मी, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नव्हतो. नाव टेकचंद रहांगडाले. तीस वर्षं ग्रामसेवक होतो. निवृत्त झाल्यावर गोंदियाला फुलचूरला घर बांधलं. मुलगा ओमेश्वर आखातातल्या एका देशात नोकरीला होता. त्या देशाचं नाव मी आता तोंडानं घेत नाही. २००३ साली त्यानं मला आणि त्याच्या आईला अठ्ठावीस दिवसांसाठी तिकडे नेलं. त्या अठ्ठावीस दिवसांच्या भांडवलावर मी पुढची तीन वर्षं जाणकार म्हणून मिरवलो.

लोक यायचेही. केशोरीचा चुन्नीलाल नावाचा एक गवंडी दोन बस बदलून आला होता, त्याला नुकताच व्हिसा मिळाला होता. मी त्याला धड टेकूसुद्धा दिलं नाही, सुरूच झालो. पासपोर्ट पिशवीत नाही, अंगावर ठेवायचा. विमानात फॉर्म देतात तो आपल्या हातानं भरायचा, लाजून शेजाऱ्याकडे द्यायचा नाही. उतरल्यावर कुठे जायचं कळलं नाही तर आपल्या विमानातले लोक जिकडे चाललेत तिकडे चालायचं. सामान पट्ट्यावर फिरत येतं. आपली बॅग पुढे निघून गेली तर पळायचं नाही, ती पुन्हा येते. तिकडे रस्ता वाटेल तिथून ओलांडला तर दंड होतो. बायकांचे आणि पोलिसांचे फोटो काढायचे नाहीत. हिंदी सगळीकडे चालते, घाबरायचं नाही. आणि दुसऱ्याचं सामान, मग तो कितीही देवमाणूस असो, हातात धरायचं नाही. त्यात काय निघेल सांगता येत नाही आणि तिकडचा कायदा कोणाचं ऐकून घेत नाही. हे शेवटचं मी बोट उगारून सांगायचो. चुन्नीलाल मान डोलवत राहिला, आणि जाताना माझ्या पाया पडला. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

यातला एकही सल्ला चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणतो. चूक माझ्यात होती. जे मला माहीत नाही ते जगात नसतंच, असा माझा पक्का समज होता.

माझा धाकटा भाऊ कुंजीलाल बोदलकशाजवळ आमच्या गावी राहतो, शेती तोच बघतो. त्याची एकुलती एक मुलगी भूमिका त्याच देशात होती. जावई भुपेंद्र बिसेन तिथे एका कंपनीत सुपरवायझर. २००६ साली भूमिकाला तिसऱ्यांदा दिवस गेले. आधीची दोन्ही लेकरं पोटातच, चौथा महिना पुरा व्हायच्या आत गेली होती. या वेळी सातवा लागला, तेव्हा डॉक्टरनं तिला पलंगाला खिळवून ठेवलं. उठायचं नाही, वाकायचं नाही, पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही. विमानात बसून माहेरी येणं तर मनाच होतं. भुपेंद्रची ड्यूटी बारा तासांची. भुपेंद्रची आई वारलेली. तेव्हा सुमित्राबाईनं, म्हणजे कुंजीलालच्या बायकोनं, तिकडे जाऊन तीन महिने राहायचं ठरलं. घरात आई असली तर भूमिका पडून राहील, पडून राहिली तर लेकरू वाचेल. इतकी साधी गोष्ट होती.

सुमित्राबाई तोवर एकदाच नागपूरला गेली होती, तीही डोळे तपासायला. तिला विमानतळावर एकटीनं सगळं पार पाडायचं होतं. म्हणून तिकीट हाती आल्यावर कुंजीलाल तिला घेऊन माझ्याकडे फुलचूरला आला.

आमच्या पवार समाजात धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, बसत नाही. पदर पुढे ओढते आणि त्याच्याशी सरळ बोलत नाही. शिकलेल्या घरांत आता हे राहिलं नाही, पण सुमित्राबाईनं सव्वीस वर्षं ते सांभाळलं होतं आणि मीही कधी सोड म्हटलं नव्हतं. मान कोणाला नको असतो? तर मी आणि कुंजीलाल बैठकीत बसलो, ती दाराआड आतल्या खोलीत. तिला काही विचारायचं असलं की ती कुंजीलालला विचारायची, मला ऐकू जाईल अशा आवाजात. मी उत्तर द्यायचो तेही कुंजीलालला, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. मधल्या मध्ये कुंजीलाल सुपारी कातरत बसला होता. त्याला एक शब्द पोचवावा लागला नाही.

बाई हुशार होती. विमानात उलटी झाली तर कोणाला सांगायचं, साहेबानं काही विचारलं आणि कळलं नाही तर हो म्हणायचं की नाही म्हणायचं, भुपेंद्र दिसला नाही तर कुठे उभं राहायचं, असं एकेक विचारून घेत होती. मीही रंगात आलो होतो. माझी बायको चमेली दोनदा जेवायला वाढू का म्हणून डोकावून गेली, मी तिला हातानंच थांबवलं.

मग गोष्ट लाडवांवर आली. आम्ही पवार माळव्यातून इकडे आलो असं म्हणतात. इकडे येऊन धान पिकवायला लागलो, बोली अर्धी इथली झाली, पण बाळंतिणीच्या खाण्यातली खसखस काही सुटली नाही. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी आणि वरून सढळ हातानं खसखस, असे लाडू. शिवाय दूध यावं म्हणून खसखशीची खीर, बाळंत झाल्यापासून सव्वा महिना. हे सगळं माहेरच्या घरून, आईच्या हातचं गेलं पाहिजे. रिकाम्या हातानं लेकीच्या बाळंतपणाला गेलेली आई आमच्याकडे लोकांच्या बोलण्याला कारण होते.

आतून सुमित्राबाई म्हणाली, "त्याईले विचारा जी, भूमिका फोनवर सांगून राहिली होती का खसखस आनू नोको. तिची शेजारीन म्हणते का तिकडं चालत नाही."

मला राग आला. कुठली कोण शेजारीण, केरळातली की कुठली, आणि तिचं ऐकून माझी परीक्षा घेता? आम्ही गेलो तेव्हा चमेलीनं ओमेश्वरसाठी डबाभर लाडू नेले होते, त्यात खसखस होती, आणि कोणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. मी कुंजीलालकडे बघून चढ्या आवाजात म्हणालो, "आमी नेली का नाही? खसखस काय बंदुकीची दारू हाय? किराण्याच्या दुकानात भेटते ते. सांग तिले, बिनधास्त ने म्हना."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझ्याजवळ सल्ल्यांना काय तोटा? मी पुढे सांगितलं की मोठी बॅग कधी कधी मागे राहते, दोन-दोन दिवस येत नाही, तेव्हा लाडू आणि खिरीची खसखस हातातल्या पिशवीत ठेवावी, पदराखाली, जपून.

दाराआडून ती म्हणाली, "त्याईनं सांगितलं म्हंजे झालं."

कुंजीलालनं तिला मुंबईला विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. तिकडे भुपेंद्र अर्ध्या दिवसाची रजा काढून बाहेर उभा होता. त्या विमानाचे सगळे लोक बाहेर आले, पुढच्या विमानाचे आले, त्याच्याही पुढच्याचे. सुमित्राबाई आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कळलं की ती पोलिसांच्या ताब्यात आहे. तिच्या हातातल्या पिशवीत, पदराखाली धरलेल्या, फडक्यात बांधलेली पाव किलो खसखस निघाली होती आणि लाडवांतही तीच.

त्या देशाच्या कायद्यात खसखस म्हणजे अफूचं बी. ते जवळ बाळगणं म्हणजे अफू बाळगण्यातलंच. शेजारीण बरोबर होती. आम्ही २००३ साली सुटलो, कारण आमची बॅग कोणी उघडली नव्हती. माझा परदेशाचा सगळा अनुभव, ज्यावर मी लोकांना पाया पडू दिलं, तो एवढाच होता, न उघडलेल्या बॅगेचा.

वकील म्हणाला की बाई अडाणी आहे, वयस्क आहे, खायची वस्तू म्हणून आणली, हे साहेबाच्या गळी उतरवता आलं असतं. पण तिचा पहिला जबाब वाईट पडला होता. हिंदी येणारा एक माणूस मध्ये बसवून त्यांनी तिला विचारलं, हे आणायला कोणी सांगितलं? ती म्हणाली, घरच्यांनी. घरच्यांपैकी कोणी? ती म्हणाली, मोठ्यांनी. त्यांचं नाव काय? ती गप्प बसली. तीनदा विचारलं, नाव सांगा, तुम्हाला सोपं जाईल. ती खाली बघत राहिली. भासऱ्याचं नाव तिनं सव्वीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. माझं नाव टेकचंद म्हणून ती चुलीवर भाकरी टेकवते असंसुद्धा म्हणत नसे, ठेवते म्हणायची. परक्या मुलखात, चार पुरुष समोर बसलेले असताना ती ते नाव कसं घेणार? त्यांनी लिहून घेतलं की आरोपी माल देणाऱ्याचं नाव लपवत आहे.

भुपेंद्रनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि उगाच घरभर फिरलो.

यावर एक उपाय होता. मी इथे गोंदियाला प्रतिज्ञापत्र करायचं, की ते नाव माझं, खसखस न्यायला मी सांगितलं, बाईला कायद्याची काही कल्पना नव्हती. ते इंग्रजीत करून, शिक्के मारून तिकडे पाठवायचं. तीस वर्षं मी लोकांचे दाखले केले, मला अवघड काय होतं? पण ओमेश्वर, जो तोवर पुण्याला परत आला होता, म्हणाला, बाबा, तुमचं नाव तिथल्या पोलिसांच्या कागदात कशाला? मला पुन्हा तिकडे नोकरी धरायची आहे. थोडं थांबा, वकील दुसरं काही काढेल. मी थांबलो. मुलाचं भलं बघितलं असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं म्हणजे मी भ्यालो होतो. कुंजीलाल रोज सकाळी फोन करायचा, भाऊ, कागद झाला का? मी म्हणायचो, साहेब सुटीवर आहे. अकरा दिवस तो साहेब सुटीवर राहिला.

त्या अकरा दिवसांत भूमिका पलंगावरून उठली. तिला कोण अडवणार? भुपेंद्र कामावर गेला की ती पोट सांभाळत टॅक्सीनं पोलीस ठाण्याला जायची, तिथून वकिलाकडे, तिथून आपल्या देशाच्या कचेरीत. लोक तिला खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे आणि उद्या या म्हणायचे. आईला तिनं एकदाच पाहिलं, जाळीतून. आई तिला म्हणाली, तू घरी जाऊन पड. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.

बाराव्या दिवशी मी कागद केला आणि रवाना केला. पंधराव्या दिवशी भूमिकाला कळा सुरू झाल्या, दीड महिना आधी. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली.

माझा कागद न्यायाधीशासमोर गेला की नाही, मला माहीत नाही. सुमित्राबाईला चार वर्षांची शिक्षा झाली.

शिक्षेच्या जागेहून सुमित्राबाईला आठवड्यातून एकदा, गुरुवारी, दहा मिनिटं फोन करायला मिळायचा. पहिला फोन आला तेव्हा भूमिका बाळंत होऊन दीड महिना झाला होता. तिनं विचारलं, बाळंत झाली का? काय झालं? भूमिका म्हणाली, मुलगी. कशी आहे? भूमिका म्हणाली, चांगली आहे. भुपेंद्र शेजारी उभा होता. त्यानं मला सांगितलं, मोठे बाबा, तिच्या तोंडून ते निघून गेलं, मी काय करू? जाळीच्या आड बसलेल्या आईला कोणत्या तोंडानं सांगायचं होतं तिनं? आम्हीही इकडून तेच ठरवलं. बाई सुटून येईपर्यंत कोणी काही बोलायचं नाही.

मग दर गुरुवारी ते सुरू राहिलं. सुमित्राबाईनं तिकडून नातीचं नाव ठेवलं, चंचल. भूमिका सांगायची, चंचल पालथी पडायला लागली. चंचलला खालचा दात आला. चंचल भुपेंद्रकडे जात नाही, मलाच चिकटून असते. सुमित्राबाई विचारायची, टाळू भरली का? तेल लावते का? भूमिका सगळ्याची उत्तरं द्यायची. भुपेंद्र म्हणाला, बुधवारी ती शेजारणीकडे जाऊन तिच्या लेकराकडे बघत बसते, दुसऱ्या दिवशी काय सांगायचं ते ठरवायला. हे ऐकून मी फोन ठेवला. त्यानंतर परदेशी जाणारा कोणी आला तर चमेली त्याला दारातूनच सांगायची, त्यांची तब्येत बरी नाही.

शिक्षा लागल्यावर सोळा महिन्यांनी, त्यांच्या सणाच्या वेळी, काही कैद्यांना माफी मिळाली, त्यात सुमित्राबाई सुटली. सुटली म्हणजे तिथूनच विमानात बसवली. लेकीच्या घरी एक पाऊल टाकू दिलं नाही आणि पुन्हा त्या देशात यायचं नाही असा शिक्का पासपोर्टवर मारला.

मी आणि कुंजीलाल मुंबईला तिला घ्यायला गेलो. ती बाहेर आली तेव्हा आधी मी ओळखलंच नाही. केस पांढरे झाले होते, हाडं वर आली होती. हातात कागदांची एक प्लास्टिकची पिशवी, दुसरं काही नाही. मला बघून तिनं पदर पुढे ओढला.

गाडीत ती खिडकीशी बसली, मध्ये कुंजीलाल, मी समोरच्या बाकावर कडेला. ती फार बोलली नाही. एकदा म्हणाली की तिकडे भात मोकळा करायचे, धड लागायचा नाही. एकदा म्हणाली की एका परदेशी बाईनं तिला विणायला शिकवलं. चंचलचं नाव तिनं काढलं नाही, आणि मला वाटलं ती घरी जाऊन फोनवर बोलायची वाट बघते आहे. भुपेंद्रनं बजावलं होतं की गावच्या बायका भेटायच्या आत आईला सांगा. कुंजीलालनं नागपुरातच हात टेकले. भाऊ, तुम्हीच सांगा, मला नाही होत, म्हणाला. सगळ्यांना सगळं सांगणारा मीच होतो ना?

भंडारा रोड सोडल्यावर दोन्ही बाजूंना कापणीला आलेला धान लागला. पुढे तुमसर रोड, मग तिरोडा, मग उतरायचंच. मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोललो. म्हणालो, "सुमित्राबाई, चंचल नाही. जलमली अन् दुसऱ्याच दिवशी गेली. भूमिका तुमाले खोटं सांगत होती. आन कागद मी उशिरा पाठवला. मी भेलो होतो."

मला वाटलं ती रडेल, मला काही बोलेल. मला ते हवं होतं. पदर सारखा करून ती कुंजीलालला म्हणाली,

"त्याईले सांगा, मले मालूम हाय. पयल्याच फोनात समजलं. दिडेक महिन्याचं लेकरू घरात, अन् एकदाबी रडाचा आवाज नाही. सोळा महिने आवाज नाही. मी काऊन टोकू तिले? ती सांगून राहिली होती, मी आयकून राहिली होती. गुरुवारी दहा मिनिटं का होईना, ती माय होती." मग ती म्हणाली, "आता मी घरी चालली. आता सगळ्याईले मालूम. आता ती कोनाले सांगन?"

कुंजीलालनं ते मला सांगितलं नाही. मी ऐकलं होतं. तिरोडा आलं आणि आम्ही उतरलो.